पैसे घेऊन धावणारे, पैसे भरून धावणारे

दर डिसेंबरात एका पहाटे, अजून उजाडलेलं नसताना, बरीच माणसं कपाळाला दिवे बांधून सिंहगडाच्या पायथ्याशी गोळा होतात. तिथून राजगड, राजगडावरून तोरणा, असं ५३ किलोमीटर त्यांना धावायचं असतं. धावायचं म्हणजे जमेल तिथे धावायचं. चढावर गुडघ्यांवर हात ठेवून चालायचं, घसाऱ्यावर बूड टेकून सरकायचं, कारवीच्या फांद्या धरून उतरायचं. एसआरटी अल्ट्रा नावाची ही शर्यत आहे. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरांपेक्षा लांब ती अल्ट्रामॅरेथॉन, आणि डांबरी रस्ता सोडून पायवाटेवर धावलं की ट्रेल रन, एवढी व्याख्या पुरे. यातली बहुतेक माणसं आठवडाभर खुर्चीत बसून काम करणारी असतात. आणि त्यांनी या सगळ्यासाठी पैसे भरलेले असतात.

मीही त्यांतलाच. वय २८, इंजिनिअरिंगची डिग्री, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. गाव चिचगड, तालुका देवरी, जिल्हा गोंदिया. महाराष्ट्राच्या नकाशावर उजवीकडे बोट सरकवत नेलं आणि छत्तीसगडला टेकायच्या जरासं आधी थांबवलं, की तिथे. नावात गड आहे, पण राजगड-तोरण्यासारखं काही डोळ्यांपुढे आणू नका. आमच्याकडचे डोंगर बुटके आणि जंगलानं झाकलेले. त्यात मोह, तेंदू, साग, बांबू. या जंगलात माणसं पिढ्यान्‌पिढ्या मैलोन्‌मैल पायी फिरत आली, पण मौज म्हणून धावलेलं कुणी मी पाहिलेलं नाही. सुट्टीत गावी गेलो असताना सकाळी दोन तास पळून आलो, तेव्हा माझ्या आज्यानं मनापासून काळजीनं विचारलं होतं, "कायले धावतस रं बापा येवढा? कोनी मांगं लागला हाये का?"

ट्रेल रनरना हाच प्रश्न विचारला तर ठरलेली उत्तरं मिळतात. निसर्ग, फिटनेस, स्वतःच्या मर्यादा ओलांडणं. मला यातलं एकही पटत नाही. निसर्ग बघायचा असेल तर चालत जावं. उतारावर धावताना पुढच्या दोन पावलांतले दगड सोडून दुसरं काही दिसत नाही. फिटनेसला रोजचे पाच किलोमीटर भरपूर झाले. पन्नासेक किलोमीटर चढ-उतार करून आल्यावर माणूस चार दिवस जिना उलटा उतरतो, त्याला फिटनेस कोण म्हणेल? आणि मर्यादा ओलांडायच्या तर यूपीएससी आहेच की. उत्तर दुसरीकडे कुठेतरी असणार असं वाटत होतं. ते मला इतिहासात सापडलं, आणि तेही धावपटूंच्या नव्हे, निरोप्यांच्या इतिहासात.

पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ला. ती बातमी नानासाहेब पेशव्यांना आधी कळली ती कुणा सरदाराकडून नव्हे, तर सावकारांच्या कासदाकडून. पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते आणि नर्मदेच्या आसपास तो त्यांच्या हाती लागला. त्याच्याजवळच्या पत्रात मोती आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत पराभव लिहिलेला होता. शाळेत आपण तेवढंच शिकतो. पण ग्रँट डफनं या प्रसंगात एक तपशील दिला आहे, जो वाचून मी उठून बसलो. हा कासीद पानिपतहून औरंगाबादला नऊ दिवसांत पोहोचवण्याच्या बोलीवर नेमलेला होता. नकाशावर पानिपत ते औरंगाबाद सरळ रेघ मारली तरी अंतर हजार किलोमीटरच्या वर भरतं. म्हणजे दिवसाला ११५ किलोमीटरपेक्षा जास्त, आणि तेही पक्षी उडतो त्या वाटेनं. जमिनीवरून त्याहून कितीतरी अधिक. पायी असो, सांडणीवर असो, वाटेत हातोहात बदलत असो, हा वेग आजच्या कुठल्याही अल्ट्रा धावपटूला गप्प करणारा आहे. आणि सावकारांना त्याचा अभिमान वगैरे नव्हता. त्यांना बाजारभाव हलायच्या आत बातमी हवी होती.

मराठेशाहीच्या कागदांत ही माणसं पानोपानी भेटतात. कासीद, जासूद, हरकारे. जासूद बहुधा जोडीनं पाठवत, म्हणून 'जासूदजोडी' हा शब्द. एक वाटेत पडला, नदीत वाहून गेला, आजारी झाला, तरी दुसरा पोहोचेल. आमच्या धंद्यात याला रिडंडन्सी म्हणतात आणि त्यावर मोठमोठी प्रेझेंटेशनं होतात. याच कागदांतला माझा लाडका शब्द म्हणजे 'अजुरा'. अजुरा म्हणजे निरोप पोहोचवण्याच्या एका खेपेची मजुरी, आणि अशा खेपेपुरता नेमलेला तो अजुरदार. मजुरी खेपेची, म्हणजे पोहोचलात तर काम झालं. अर्ध्या वाटेपर्यंत फार सुंदर धावलात म्हणून अर्धा अजुरा कोण देणार?

इंग्रजी टपालखात्यानं हीच माणसं पुढे पगारावर घेतली. रेल्वे आणि मोटार यायच्या आधी, आणि जिथे त्या पोहोचल्या नाहीत तिथे नंतरही, टपाल डाकहरकाऱ्याच्या खांद्यावरून जायचं. त्याच्या हातात घुंगरू लावलेली काठी किंवा भाला असे. घुंगरांच्या आवाजानं जनावरं बाजूला होत आणि पुढच्या टप्प्यावर झोपलेला गडी जागा होऊन कमर कसून उभा राही. १९३७ साली निघालेल्या सहाव्या जॉर्जच्या मालिकेत दोन आण्याच्या तिकिटावर हा हरकारा आहे. एका कोपऱ्यात राजा आणि उरलेल्या जागेत खांद्यावर काठी टाकून पळणारा माणूस. धावण्याबद्दल एखाद्या राजवटीनं त्याचं चित्र काढावं हे मला आवडतं, पण तो छापला गेला तेव्हा त्याचं काम संपत आलं होतं हेही खरं. चित्रं साधारण तेव्हाच काढतात.

पन्हाळ्याची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. १२ जुलै १६६०ची रात्र, सिद्दी जौहरचा वेढा, धो धो पाऊस, आणि विशाळगडाकडे जाणारी साठेक किलोमीटरची वाट. शिवा काशीद आणि बाजीप्रभू यांची नावं आपण विसरलो नाही, विसरूही नये. पण परंपरेनं चालत आलेल्या हकिकतीत महाराज पालखीत आहेत. म्हणजे त्या रात्री चिखलातून, दगडांतून, खांद्यावर दांडी घेऊन पळणारे भोई होते, खांदे बदलायला बरोबर धावणारे आणखी भोई होते. पालखी घेऊन, रात्रीची, भर पावसात, मागे शत्रू असताना केलेली ती धाव महाराष्ट्राच्या इतिहासातली सर्वांत मोठी डोंगरी अल्ट्रामॅरेथॉन म्हणायला हरकत नाही. तिच्या फिनिशर्सची यादी कुणी ठेवली नाही. आज दर जुलैत हजारो तरुण पोरं तीच वाट पावसात चालतात, दोन दिवसांत, पाठीवर सॅक घेऊन. आज्यानं विचारलेला प्रश्न त्यांना विचारला असता तर उत्तर सोपं आहे. हो आबाजी, लागलं होतं मागं. आम्ही तेच आठवतोय.

इथे मला पहिल्यांदा धागा सापडला. मग इतर देशांतल्या शर्यतींच्या जन्मकथा काढून बघितल्या, तर तिथेही तेच.

मॅरेथॉनची निरोप्याची दंतकथा सर्वांना माहीत आहे. पण हिरोडोटसनं सांगितलेली मूळ धाव वेगळी आहे. इ.स.पू. ४९०मध्ये फिलिप्पिडीस नावाचा अथेन्सचा सरकारी निरोप्या पर्शियनांविरुद्ध मदत मागायला स्पार्टाला गेला आणि दुसऱ्या दिवशी पोहोचला. (स्पार्टाचं उत्तर काय, तर पौर्णिमा होऊ द्या, मग बघू. एवढं धावून जाऊन 'कळवतो' ऐकायला मिळणं हे कॉर्पोरेटमधल्या कुणालाही ओळखीचं वाटेल.) १९८२ साली जॉन फोडेन नावाचा ब्रिटिश हवाई दलातला अधिकारी, हे खरंच शक्य आहे का ते बघायला साथीदार घेऊन त्या वाटेनं पळाला. दुसऱ्याच वर्षी त्याची शर्यत झाली, स्पार्टाथलॉन, २४६ किलोमीटर. मुदत ३६ तास. ही ३६ कुठून आली? हिरोडोटसच्या 'दुसऱ्या दिवशी'मधून.

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन १९२१ची. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या व्हिक क्लॅपमला आपल्या मेलेल्या सोबत्यांचं स्मारक हवं होतं. ते लोक रणरणत्या उन्हात मैलोन्‌मैल कूच करायचे, तर आपणही डर्बन आणि पीटरमारित्झबर्गमधलं नव्वदेक किलोमीटरचं डोंगराळ अंतर पायी तोडायचं, असं त्याचं म्हणणं. पहिल्या वर्षी ३४ जण निघाले, १६ पोहोचले. आता हजारो धावतात, त्यात मराठी माणसंही असतात. बारा तास पूर्ण झाले की एक माणूस धावपटूंकडे पाठ करून बंदूक उडवतो. पाठ अशासाठी, की एका सेकंदानं चुकणाऱ्याचा चेहरा बघून हात थरथरू नये. तुमच्या-आमच्यासारख्यांना हौसेनं धावायला मिळणं हीही गोष्ट साधी नव्हती. याच शर्यतीत काळ्या धावपटूंना आणि बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७५ साली. त्याआधी ते धावले, पोहोचलेही, पण निकालात त्यांची नोंद झाली नाही.

अमेरिकेतल्या वेस्टर्न स्टेट्सची गोष्ट मला सगळ्यात आवडते. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत शंभर मैलांची घोड्यांची शर्यत होती. २४ तासांत जो पार करेल त्याच्या पट्ट्याला चांदीचं बक्कल. गॉर्डी एन्स्ली नावाच्या स्वाराचा घोडा १९७३ साली वाटेत लंगडा झाला. १९७४मध्ये हा गडी घोड्याशिवायच उभा राहिला आणि २३ तास ४२ मिनिटांत पळत पोहोचला. आज जगभर शंभर मैलांच्या शर्यतीत २४ तासांच्या आत येण्याला जी किंमत आहे, ती मुळात घोड्यांसाठी ठरवलेली वेळ आहे.

म्हणजे निरोप्या, सैनिक, भोई, घोडा. प्रत्येक लांब शर्यतीच्या मुळाशी कुणाचं तरी काम आहे. काम संपलं, पण घड्याळ तसंच चालू ठेवलं गेलं. ज्याला आम्ही कट-ऑफ म्हणतो, अमुक इतक्या तासांत अमुक ठाण्यावर पोहोचला नाहीत तर तिथेच थांबा, तो या अजुऱ्याचाच वंशज आहे. स्कॉटलंडमध्ये तर अशी आख्यायिका आहे की राजा माल्कमनं अकराव्या शतकात लोकांना डोंगरावर पळत चढायला लावलं, ते चपळ निरोप्या निवडायला. डोंगरी शर्यत ही मुळात नोकरभरती होती!

आणि भरती म्हटलं की मला परत चिचगडला यावंच लागतं.

आमच्याकडे आजही सगळी पोरं धावतात. पहाटे चारला उठून शाळेच्या मैदानावर, देवरीच्या रस्त्याच्या कडेनं, मोटारसायकलीच्या उजेडात. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात काहीच नाही. ती ट्रेल रनर नाहीत. ती पोलीस भरतीची तयारी करत असतात, नाहीतर सैन्याची. पोलीस शिपायाच्या शारीरिक चाचणीच्या ५० गुणांतले २० एकट्या धावण्याला, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. एका-एका सेकंदाचा हिशेब असतो, कारण एका गुणावर नोकरी जाते आणि गेलेली नोकरी परत कधी निघेल ते सांगता येत नाही. आमचा भाग नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेला, गावात वर्दी कायम दिसत राहिली. वर्दी घातलेला माणूस महिन्याच्या महिन्याला पगार घेतो, हे प्रत्येक पोरानं लहानपणापासून पाहिलं आहे. धावणं म्हणजे तिथे पोहोचायची वाट. जून २०१४मध्ये मुंबईच्या भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवार कोसळून मेले, त्यानंतर अंतर कमी झालं. ते कुठल्या खेळासाठी मेले नव्हते.

धावण्याचं काम आणि धावण्याचा खेळ यांची आपल्याकडे नीट गाठ पडली ती पुण्यात. डेक्कन जिमखाना १९०६चा. दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष. १९१९ साली तिथल्या क्रीडास्पर्धांत त्यांनी लांब अंतराच्या शर्यतीत अनवाणी धावणारे शेतकरी पाहिले. प्रशिक्षण नाही, तंत्र नाही, आणि वेळ मात्र युरोपातल्या धावपटूंच्या आसपास. दोराबजींनी ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना १९२९ साली लिहिलेल्या पत्रात हे सांगितलं आहे. त्यांनी पैसे उभे केले, स्वतःचेही घातले, आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला हिंदुस्थानचा छोटा संघ गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार मॅरेथॉनसाठी होते. चौगुले १९वे आले, वेळ २ तास ५० मिनिटांच्या जरा वर. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती हे लक्षात घेतलं तर ही वेळ आजही कुणाही हौशी धावपटूचं स्वप्न असावं अशी आहे.

दोराबजींनी तेव्हा पाहिलं ते आजही बघायला मिळतं. सावरपाड्याची कविता राऊत, माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, शाळेत पायी जाणारा आणि पुढे सैन्यात गेलेला अविनाश साबळे. जिथे पायाला पर्याय नसतो तिथले पाय देश घेऊन जातो. हे लोक डोंगरावरच वाढले, पण डोंगरी अल्ट्रात धावले नाहीत. त्यात नोकरी नव्हती, ऑलिम्पिक नव्हतं. म्हणून मला वाटतं, आपल्याकडच्या अल्ट्राचा इतिहास हा धावण्यापेक्षा पगाराचा इतिहास जास्त आहे. २००४मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, शहरातल्या पगारदार वर्गाला धावण्याचा नाद लागला. मग साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटावर हिल मॅरेथॉन आली, लडाखात ला अल्ट्रा आली, आणि अखेर आपल्या गडांवर अल्ट्रा आल्या. ज्यांना पायांवर अवलंबून राहायची गरज उरली नव्हती त्यांनी धावायला पैसे भरायला सुरुवात केली.

एवढ्यावर हा लेख संपवता आला असता. मध्यमवर्गाची हौस, गरिबाची गरज, टाळ्या. पण तसं म्हटलं तर प्रश्न तिथेच राहतो. हौस म्हणून माणूस महाबळेश्वरला जातो. ही असली हौस का?

माझं उत्तर असं. आमच्या ऑफिसात दोन आठवड्यांच्या कामाला 'स्प्रिंट' म्हणतात. त्यात कुणीही पळत नाही. जे काम झालं नाही ते पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलतात, तिथूनही ढकलतात, आणि वर्षभरानं ते काम नकोच होतं असं ठरतं. मी लिहिलेला कोड कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असतो, म्हणजे असावा. मी आज गेलो नाही तर काही अडत नाही. दुसरा कुणीतरी लॉगिन करतो. मी तक्रार करत नाही. माझ्या आज्यानं तेंदूपत्त्याचे पुडे बांधत आणि माझ्या बापानं कर्ज काढत मला इथवर आणलं ते नेमकं याचसाठी, की माझ्या पायांवर काही अवलंबून राहू नये. ते जमलं. आणि नेमकं तेच जमल्यावर शरीराला काहीतरी हरवल्यासारखं होतं.

अल्ट्रामध्ये विकत मिळतं ते हे हरवलेलं. पोहोचणं भाग असणं. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार दुपारी उन्हात समोर पसरलेली दिसते, तेव्हा तिथून ढकलायला पुढचा स्प्रिंट नसतो. मागे राजगड, पुढे तोरणा, दोन्हीकडे उतार. पाणी एवढंच, उजेड एवढाच, ठाण्याची वेळ अमुक. त्या वेळी डोक्यात मोठे विचार नसतात. पुढचं पाऊल कुठे, मिठाची गोळी घेतली का, गुळाची चिक्की उरली का, एवढंच. कितीतरी दिवसांनी एखादी गोष्ट माझ्याशिवाय कुणी करू शकत नाही अशी असते. ती गोष्ट निरुपयोगी आहे हे मला माहीत आहे. खिशात पत्र नाही, खांद्यावर पालखी नाही. आम्ही निरोपाशिवाय धावणारे निरोपे आहोत. पण शरीराला हा फरक कळत नाही, निदान चाळिसाव्या किलोमीटरला तरी नाही.

अर्थात ही गरज खोटी आहे, आणि खोटी आहे म्हणूनच ती विकत घेता येते. कंटाळा आला तर ठाण्यावर बिब काढून द्यायचा, नावापुढे डीएनएफ लागतं, गाडीत बसून परत. अजुरदाराला ही सोय नव्हती. भरतीतल्या पोरालाही नाही. खोट्याचं खरं झालं की काय होतं ते २२ मे २०२१ला चीनच्या गान्सू प्रांतात दिसलं. शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत, अर्ध्यावर असताना गारा, पाऊस, झोंबरा वारा. बहुतेकांच्या अंगात पातळ कपडे, कारण वाऱ्याचं जॅकेट सक्तीच्या सामानात नव्हतं. १७२ धावपटूंतले २१ गारठून मेले. त्यांत देशातले नावाजलेले अल्ट्रा धावपटू होते. सहा जण वाचले ते एका मेंढपाळामुळे. तो वादळात आडोशाला गुहेत थांबला होता. त्यानं त्यांना आत ओढून आणलं, शेकोटी पेटवली, गोधड्यांत गुंडाळलं. त्या डोंगरावर त्या दिवशी तो कामाला आला होता. बाकीचे पैसे भरून.

आपल्या गडांवरही कामाला आलेली माणसं असतात. राजगडावर एका शनिवारी सरावाला गेलो होतो. पाठीवर दीड लिटर पाण्याची पिशवी, हातात साडेसात हजारांचं घड्याळ, हृदयाचे ठोके मोजत पाली दरवाजाच्या पायऱ्या चढत होतो. मागून एक मावशी आल्या, डोक्यावर ताकाची कळशी, हातात लिंबं आणि काकड्यांची पिशवी, पायात साध्या चपला. मला ओलांडून पुढे गेल्या. वर दरवाजात त्यांच्याकडूनच ताक घेतलं. कशाला एवढं पळताय, म्हणाल्या. शर्यतीची तयारी, मी म्हटलं.

"किती मिळत्यात?"

"मिळत नाहीत मावशी. आपणच भरायचे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. हसल्या नाहीत. ग्लास विसळत म्हणाल्या, "घरी समदं बरं हाय ना?"

त्यांचा कट-ऑफ मी नंतर हिशेबात घेतला. पहिले ट्रेकर वर यायच्या आत पोहोचायचं, ताक ऊन व्हायच्या आत विकायचं, अंधार पडायच्या आत खाली उतरायचं. दर शनिवार-रविवार, ओझं घेऊन. अंतर आणि चढ मोजला तर वर्षभराचा त्यांचा आकडा माझ्यापेक्षा सहज जास्त भरेल. २००३ साली युरोपातली सर्वांत नावाजलेली डोंगरी शर्यत, माँ ब्लाँभोवतीची यूटीएमबी, पहिल्यांदा झाली. खराब हवेत सातशेच्या आसपास लोक निघाले आणि ६७ पोहोचले. त्यांत पहिला आला दावा शेर्पा, नेपाळचा. युरोपला त्याचं आश्चर्य वाटलं असेल. मावशींना वाटलं नसतं.

गेल्या दिवाळीत चिचगडला होतो, तेव्हा सकाळच्या माझ्या पळण्यात एक शेजारची मुलगी सोबत असायची. बारावी झालेली, भरतीच्या तयारीतली. ती माझ्याबरोबर पहिला एक किलोमीटर यायची आणि मग मैदानाकडे वळायची, कारण तिला ८०० मीटरच्या पुढचं काही उपयोगाचं नव्हतं. मी एकदा डोंगरातल्या ५३ किलोमीटरबद्दल सांगितलं. तिनं विचारलं, तिथे मुली असतात का. असतात, मी म्हटलं. त्यांना कोण पाठवतं, तिचा पुढचा प्रश्न. स्वतःच येतात. यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नोकरी लागली की मी पन येतो."

आमच्याकडे मुलीही 'येतो'च म्हणतात.

जायच्या आदल्या दिवशी तिनं माझं घड्याळ मागितलं, दोन दिवसांसाठी. मैदानाला चार फेऱ्या मारायच्या आणि प्रत्येक फेरीची वेळ वेगळी बघायची होती तिला. मोबाईल हातात धरून पळता येत नाही म्हणाली. मी ते तिला देऊन आलो. पुण्यात आल्यावर संध्याकाळी माझ्या फोनवर तिच्या फेऱ्या दिसायला लागल्या, घड्याळ अजून माझ्याच नावावर होतं म्हणून. ३ मिनिटं ४ सेकंद. ३ मिनिटं १ सेकंद. दुसऱ्या दिवशी पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी, २ मिनिटं ५८.